निळ्या पडद्यावर फॉरमॅट हा उपाय नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लॅपटॉप वरचेवर निळा पडदा दाखवून बंद पडू लागला, की बहुतेक दुकानांत एकच उत्तर मिळते : फॉरमॅट मारावा लागेल. ग्राहक पैसे मोजतो, कधी फोटो आणि कागदपत्रेही गमावतो आणि काही दिवसांत तोच पडदा पुन्हा दिसतो. दोष ड्रायव्हरमध्ये (वायफाय, ग्राफिक्स अशी उपकरणे चालवणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरमध्ये) असेल, तर फॉरमॅटनंतर विंडोज अपडेट बऱ्याचदा तोच ड्रायव्हर परत आणून बसवते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या ड्रायव्हरने वाचलेल्या एका सदोष फाइलमुळे जगभरात सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. तेव्हाही उपाय होता सेफ मोडमध्ये (मोजक्याच ड्रायव्हरांवर विंडोज सुरू करून) जाऊन ती एक फाइल काढण्याचा.

संगणक बंद पडण्याचे कारण विंडोज लिहून ठेवते, ते आधी वाचावे. 'ॲडव्हान्स्ड सिस्टीम सेटिंग्ज'मधील 'स्टार्टअप अँड रिकव्हरी'त 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट'ची खूण काढली, की पडदा स्थिर राहतो आणि त्यावरचा स्टॉप कोड, म्हणजे बिघाडाचे नाव, टिपता येतो. लॅपटॉप झोपवताना किंवा उठवताना 'ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर' येत असेल, तर वायफाय किंवा ग्राफिक्सचा ड्रायव्हर आधी तपासावा. 'व्हिडिओ टीडीआर फेल्युअर' म्हणजे ग्राफिक्स चिपने वेळेत उत्तर दिले नाही. ही मुदत मुळात २ सेकंदांची असते. इथे ड्रायव्हरइतकाच साचलेल्या धुळीने चोंदलेला पंखाही संशयित असतो.

सी ड्राइव्हवर विंडोजच्या फोल्डरात 'मिनिडंप' नावाचा फोल्डर असतो. बंद पडल्याची नोंद त्यात असते. त्यातली फाइल मायक्रोसॉफ्टच्या विनडीबीजी (WinDbg) या मोफत तपासणी सॉफ्टवेअरमध्ये उघडली, की बहुतेक वेळा दोषी ड्रायव्हरचे नाव मिळते. नाव विंडोजच्या मूळ कर्नेलचे (गाभ्याचे) आले, तर त्यावर लगेच विश्वास ठेवू नये. चूक बहुतेक वेळा दुसऱ्याची असते, फक्त ती तिथे उघडकीस येते. दर वेळी वेगळेच नाव येत असेल, तर ड्रायव्हर सोडून रॅम तपासावी.

ड्रायव्हर सापडल्यावर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या उपकरणाच्या 'प्रॉपर्टीज'मधील 'रोल बॅक ड्रायव्हर' वापरावे. बटण फिकट असेल, तर परतण्यासाठी जुनी आवृत्ती शिल्लक नाही. मग अनइन्स्टॉल करताना ड्रायव्हर सॉफ्टवेअरही काढून टाकण्याची चौकट टिक करणे अत्यंत महत्त्वाचे. ती विसरली, तर रीस्टार्टनंतर साठवलेली तीच प्रत परत बसते, आणि बहुतेकांची मेहनत इथेच वाया जाते. नवा ड्रायव्हर लॅपटॉप कंपनीच्या संकेतस्थळावरून, मागे छापलेल्या सिरियल नंबरनुसारच घ्यावा. 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर' देणारी मोफत सॉफ्टवेअर टाळावीत. ती चुकीच्या मॉडेलचा ड्रायव्हरही बसवतात. दुरुस्ती होईपर्यंत अपडेट तात्पुरते थांबवावे आणि 'शटडाउन' नव्हे, 'रीस्टार्ट' करावे. फास्ट स्टार्टअप चालू असेल, तर शटडाउनमध्ये कर्नेल आणि ड्रायव्हरांची स्थिती डिस्कवर साठवून तीच पुन्हा उचलली जाते.

सेफ मोडमध्ये जाण्यापूर्वी किंवा बायोस (लॅपटॉप सुरू करणारे मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करण्यापूर्वी एक खबरदारी : अनेक नव्या लॅपटॉपवर एन्क्रिप्शन (डिस्कवरील माहिती कुलूपबंद ठेवण्याची सोय) आपोआप चालू असते आणि अशा वेळी ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते का, ते आधीच पाहून लिहून ठेवावी. ती नसेल, तर डिस्कवरील माहिती कुणालाही परत मिळवून देता येत नाही.

दुरुस्ती केंद्रांना आमची आग्रहाची विनंती आहे : पावतीवर नुसते 'सॉफ्टवेअर प्रॉब्लेम' न लिहिता स्टॉप कोड, दोषी फाइलचे नाव आणि बसवलेल्या ड्रायव्हरची आवृत्ती लिहावी. फॉरमॅट खरेच लागणार असेल, तर तेही ग्राहकाला कारणासह सांगावे आणि बॅकअप घेतल्यावरच करावे.

— संगणक दुरुस्ती करणारे दोन वाचक, पुणे