चौथ्या नंबरच्या पोराचा टाइम पण छापा

मा. संपादक साहेब, नमस्कार.

मी चाळीसगावचा, सायकल रिपेअरिंगचं दुकान आहे, तीस वर्षं झाली. तुमचा पेपर दुकानात रोज येतो पण माझ्या हातात येईपर्यंत दुपार होते कारण आधी पंक्चर काढायला आलेलं गिऱ्हाईक वाचतं मग समोरचा चहावाला वाचतो. तर मागे स्पोर्ट्सच्या पानावर एकदम खाली कोपऱ्यात चार ओळी होत्या, इंग्लंडचा सायकलपटू ऑस्कर ओनली इनिऑस नावाच्या ब्रिटिश सायकल टीममध्ये गेला म्हणून. पहिली गोष्ट म्हणजे पोरगा इंग्लंडचा नाही, स्कॉटलंडचा आहे. त्याचं गाव केल्सो, इंग्लंडची बॉर्डर तिथून अगदी जवळ आहे हे खरं, पण आमचा कन्नडचा घाट चढला की मराठवाडा लागतो म्हणून उद्या आम्हाला मराठवाड्याचे लिहाल का?

केल्सो आपल्या चाळीसगावापेक्षा कितीतरी लहान आहे. तिथे ट्वीड आणि टेव्हियट अशा दोन नद्या एकत्र येतात, आपल्याकडे तितूर आणि डोंगरी आहेत तशा, आणि त्या भागात खरं वेड रग्बीचं. अशा गावातला पोरगा अठराव्या वर्षी, 2021 मध्ये, एका डच सायकल टीमच्या, नवी पोरं तयार करणाऱ्या पथकात गेला. पुढच्या वर्षी क्रोएशियाच्या रेसमध्ये तिसरा आला. तिसरा म्हणजे कसा, तर पहिला स्लोव्हेनियाचा मोहोरिच आणि दुसरा डेन्मार्कचा व्हिंगेगार्ड, ज्याने त्याच जुलैमध्ये टूर द फ्रान्स, म्हणजे जगातली सगळ्यात मोठी सायकल रेस, मारली होती. आणि याला वीस पूर्ण व्हायला अजून दहा-बारा दिवस बाकी होते.

2023 ला स्पेनची मोठी रेस, व्हुएल्टा. पहिल्याच दिवशी बार्सिलोनात भर पावसात याच्या टीमने टीम टाइम ट्रायल (अख्खी टीम एकत्र पळते, सगळ्यात कमी टाइमवाली जिंकते) जिंकली आणि दुसऱ्याच दिवशी हा पडला, गळपट्टीचं हाड मोडलं, रेस खल्लास. सायकलवाल्यांचं हेच हाड जास्त मोडतं कारण पडताना माणूस हात पुढे टाकतो आणि सगळा झटका खांद्यात जातो. माझ्याकडे वाकडी चाकं येतात ना आऊट काढायला, त्यांच्यामागे कित्येकदा असंच प्लास्टरातलं पोरगं उभं असतं, एका हाताने सायकल धरून.

पण पाच महिन्यांत, 2024 च्या जानेवारीत, त्याने ऑस्ट्रेलियात टूर डाउन अंडरचा विलुंगा हिलचा टप्पा जिंकला. चढ म्हणाल तर साधारण तीन किलोमीटरचा, आपल्या घाटापुढे काहीच नाही, पण तिथे जे शेवटपर्यंत टिकतात ते सगळे जगातले निवडक असतात. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये टूर ऑफ ब्रिटन याच्याच गावातून, केल्सोतूनच सुटली आणि हा एकूणात, म्हणजे सगळ्या टप्प्यांचा टाइम मिळून, दुसरा आला.

आता 2025. जूनमध्ये स्वित्झर्लंडच्या रेसमध्ये एक टप्पा जिंकून एकूणात तिसरा. मग जुलैमध्ये टूर द फ्रान्स, वय बावीस, आणि चौथा. पुढे फक्त पहिला आलेला स्लोव्हेनियाचा पोगाचार, व्हिंगेगार्ड आणि जर्मनीचा लिपोविट्झ. अठराव्या टप्प्यात कोल द ला लोझ नावाचा 2304 मीटर उंचीचा घाट होता, तिथे ओनलीने लिपोविट्झला इतकं गाठलं की तिसऱ्या नंबरमध्ये आणि याच्यात राहिले फक्त 22 सेकंद. मी मोबाईलवर बघत होतो, गिऱ्हाईक ताटकळलेलं, चेन अर्धी चढवलेली तशीच. एक आप्पा मागून डोकावून म्हणे, हाऊ पोऱ्या कोन शे? मी म्हटलं, आप्पा, बसा जरा.

दुसऱ्या दिवशीचा टप्पा तर तीसपेक्षा जास्त किलोमीटरने कमी करावा लागला, का, तर वाटेतल्या एका घाटावर गुरांना लंपी झाली होती. हे आपल्या खानदेशी वाचकाला किती पटकन कळलं असतं! आपल्याकडे लंपीने काय हाल केले ते गोठ्यागोठ्यात माहीत आहे. कुठेच छापून आलेलं मी तरी बघितलं नाही. शेवटी पॅरिसला पोचेपर्यंत ते 22 सेकंद वाढून 1 मिनिट 12 सेकंद झाले. स्कॉटलंडच्या रायडरने टूरमध्ये चौथं येणं याच्या आधी झालं होतं 1984 ला, ग्लासगोचे रॉबर्ट मिलर, ज्या पुढे बाई म्हणून जगू लागल्या आणि आता फिलिपा यॉर्क आहेत. म्हणजे एकेचाळीस वर्षांनी. तुमच्या पानावर त्या दिवशी पोगाचारचा फोटो होता, पिवळ्या जर्सीतला. चांगला होता, नाही म्हणत नाही.

आता मूळ मुद्दा. माझा पुतण्या अकरावीला आहे, जुनी गिअरची सायकल आहे, मीच दोन सायकलींची मिळून एक बनवून दिली. मागच्या हिवाळ्यात एका रेसला गेला (कुठली ते लिहीत नाही, उगाच कोणाला वाईट वाटायला नको). आला चौथा, तिसऱ्याच्या मागे चार-पाच सायकली लांब असेल. ज्यांच्या गळ्यात स्टॉपवॉच होतं त्यांनी तिसरा आला तसं बटण दाबलं आणि स्टेजकडे वळले, तिकडे हारतुरे सुरू होणार होते ना. पोरगा धापा टाकत माझ्याजवळ आला आणि म्हणे, काका, मना टाइम कोनीच लिखा नही. पेपरात पण तिघांचीच नावं आली, आणि त्यांचेही टाइम नाहीतच!

साहेब, सायकलिंगमध्ये नंबरापेक्षा टाइम बोलतो. 22 सेकंद आणि 1 मिनिट 12 सेकंद, नंबर दोन्ही वेळेस चौथाच, पण किती फरक आहे बघा. पोराला कसं कळणार की आपण गेल्या वर्षीपेक्षा पुढे गेलो का मागे? शाळेच्या स्नेहसंमेलनात तर अजून स्लो सायकलिंगच चालू आहे, जो सगळ्यात शेवटी पोचेल तो जिंकला. मजा येते, मी पण लहानपणी जिंकलोय, स्टीलचा पेला मिळाला होता. पण आपल्या पोरांना सायकलची स्पर्धा म्हणून तेवढीच एक माहीत असेल तर मग बोलणंच खुंटलं.

2027 ची टूर स्कॉटलंडमधूनच, एडिनबरावरून सुटणार आहे, तेव्हा तरी चार ओळींच्या वर जागा द्या. आणि आपल्या भागातल्या रेसचा निकाल छापाल तेव्हा निदान पहिल्या दहा जणांची नावं टाइमसकट छापा, आयोजकांकडे मागितलं तर ते पण लिहायला लागतील.

आम्ही आमच्यापुरतं सुरू केलंय. 2023 मध्ये हायकोर्टाने घाटात जड वाहनांना बंदी केली तेव्हापासून सकाळी चढायला जरा बरं पडतं. दर रविवारी साडेपाचला पोरं घाटाच्या पायथ्याला जमतात, मी मोबाईल आणि उधारीची जुनी वही घेऊन मोटरसायकलने वर जाऊन थांबतो. वहीत सध्या तेरा नावं आहेत, शेवटून पहिल्याचा टाइम पण लिहिलेला आहे. तुमचा एखादा वार्ताहर पाठवा, वही दाखवतो.

आपला वाचक,
एक सायकलवाला, चाळीसगाव