बातमी धमकीच्या दिवशी छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मेक्सिकोत किंवा कोलंबियात एखादा धर्मगुरू मारला गेला, की आपल्या वृत्तपत्रांत आतल्या पानावर चार ओळी येतात. त्या माणसाला आधी किती महिने धमक्या येत होत्या आणि त्या कुणाकुणाला कळवल्या होत्या, हे त्या चार ओळींत कधीच नसते.

२० ऑक्टोबर २०२४ रोजी मेक्सिकोच्या चियापास राज्यात, सान क्रिस्तोबाल दे लास कासास शहरात, फादर मार्सेलो पेरेस सकाळची मिस्सा (चर्चमधील उपासना) आटोपून गाडीत बसले आणि त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. ते त्सोत्सिल आदिवासी होते. टोळ्यांच्या हिंसाचारात भरडल्या जाणाऱ्या गावांच्या बाजूने ते उघडपणे बोलत. त्यांना संरक्षण द्या, असे आंतर-अमेरिकी मानवाधिकार आयोगाने मेक्सिको सरकारला त्याआधीच सांगितले होते. म्हणजे धोक्याची कागदोपत्री नोंद होती आणि तरीही ते मारले गेले.

धमकी वेळीच जगासमोर आली तर काय होते, याचे उदाहरण एल साल्वादोरमध्ये आहे. १२ मार्च १९७७ रोजी जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाचे फादर रुतिलिओ ग्रांदे यांना, सोबतच्या एका वृद्धासह आणि एका मुलासह, रस्त्यात मारण्यात आले. ‘देशभक्त व्हा, पाद्री मारा’ अशी पत्रके देशात फिरत होती. त्याच जूनमध्ये एका सशस्त्र गटाने सगळ्या जेझुइटांना देश सोडायला महिन्याभराची मुदत दिली; २१ जुलैनंतर जो सापडेल तो मारला जाईल. जेझुइट गेले नाहीत. ती धमकी जगभर छापली गेली आणि नेमक्या २१ जुलैलाच अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीपुढे एल साल्वादोरमधील धार्मिक छळावर सुनावणी सुरू झाली. मुदत उलटली, पण जाहीर केलेले हत्याकांड त्या वेळी झाले नाही. पुढे, १६ नोव्हेंबर १९८९ रोजी, सैन्याने सान साल्वादोरच्या विद्यापीठात सहा जेझुइट आणि दोन स्त्रियांना मारले, हेही विसरता येत नाही. प्रसिद्धीमुळे धोका टळत नाही, पण वेळ मिळतो. धमकी आलेल्याला तोच हवा असतो.

एल साल्वादोरचेच आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांच्या बाबतीत इशारे एकामागून एक आले. फेब्रुवारी १९८० मध्ये त्यांची प्रवचने प्रसारित करणारे रेडिओ केंद्र बॉम्बने उडवले गेले. १० मार्चला, आदल्या दिवशी त्यांनी जिथे मिस्सा केली होती त्याच बॅसिलिकात (मोठ्या चर्चमध्ये), न फुटलेल्या स्फोटकांची बॅग सापडली. २३ मार्चच्या प्रवचनात त्यांनी सैनिकांना लोकांना मारणे थांबवा असे सांगितले आणि २४ मार्चला वेदीवरच त्यांना गोळी घातली गेली.

धमकीच्या चिठ्ठीच्या बऱ्याच आधी बंडखोर असल्याचा शिक्का बसलेला असतो. फिलिपिन्समध्ये त्याला ‘रेड-टॅगिंग’ म्हणतात. आदिवासींसोबत काम करणाऱ्या धर्मगुरूचे किंवा सिस्टरचे नाव बंडखोरांशी जोडायचे, मग संस्थेची बँक खाती गोठवायची. असा शिक्का जीविताला आणि स्वातंत्र्याला धोका ठरतो, असा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय मे २०२४ मध्ये जाहीर झाला. आपल्याला हे परके वाटू नये. झारखंडच्या आदिवासींसाठी आयुष्य घालवलेले फादर स्टॅन स्वामी माओवाद्यांशी संबंध असल्याच्या आरोपावरून ८ ऑक्टोबर २०२० रोजी अटक होऊन तळोजा तुरुंगात आले. कंपवातामुळे पेला धरता येत नाही म्हणून साध्या स्ट्रॉ-सिपरसाठी त्यांना न्यायालयात अर्ज करावा लागला. ५ जुलै २०२१ रोजी मुंबईतल्या रुग्णालयात ते गेले तेव्हा जामिनाचा अर्ज प्रलंबितच होता आणि कोणताही आरोप सिद्ध झाला नव्हता.

आता धमकी आल्यावरचे पहिले काही तास. सर्वाधिक नुकसान इथेच होते. कागद आला तर तो कडेला धरून कागदाच्याच पाकिटात ठेवायचा. प्लास्टिकच्या पिशवीत ओल धरते. कुठे, किती वाजता, कुणाला सापडला हे पाकिटावर लिहायचे. व्हॉट्सअ‍ॅपवर आली तर नंबर आणि वेळ दिसेल असा फोटो घ्यायचा, पण मूळ संदेश पुसायचा नाही आणि फोनही बदलायचा नाही. फोनवर आली तर तासाभराच्या आत शब्दन्‌शब्द लिहून काढायचे: बोलण्याची धाटणी, मागचे आवाज, कोणत्या घटनेचा उल्लेख होता ते. सगळ्या धमक्यांची एकच वही ठेवायची आणि तिची प्रत गावाबाहेर ठेवायची, शक्यतो दोन ठिकाणी. नोव्हेंबर २०१३ मध्ये एल साल्वादोरच्या युद्धात हरवलेल्या मुलांचा शोध घेणाऱ्या प्रो-बुस्केदा संस्थेत सशस्त्र माणसे घुसली आणि त्यांनी फायली जाळल्या. एकाच कपाटात ठेवलेली नोंद अशी एका रात्रीत जाते.

धर्मगुरूंची एक अडचण इतर कार्यकर्त्यांना नसते. पापनिवेदनात (भाविक फादरपुढे खासगीत पापांची कबुली देतो, तेव्हा) ऐकलेले अक्षरही त्या वहीत जाऊ शकत नाही. साक्षीदाराने तिथे काही सांगितले असेल, तर त्याने ते स्वतःहून बाहेर पुन्हा सांगेपर्यंत थांबावे लागते. शिवाय अनेक फादर धमकीचा गवगवा करणे हा अहंकार समजतात आणि गप्प बसतात. मला ही नम्रता घातक वाटते, कारण त्यांच्यानंतर धोका येतो तो धर्मग्रामातल्या (त्यांच्या चर्चच्या परिसरातल्या) साक्षीदारांवर.

सरकारी संरक्षणाचे म्हणाल, तर सर्वांत तपशीलवार व्यवस्था कोलंबियात आहे. तिथे २०११ पासून राष्ट्रीय संरक्षण विभाग आहे. अर्जदाराने संमतीवर सही केल्यापासून ३० कामकाजाच्या दिवसांत धोक्याचे मूल्यमापन व्हावे, असा नियम आहे. धोका ‘सामान्य’ ठरला तर काही मिळत नाही. ‘असाधारण’ किंवा ‘टोकाचा’ ठरला तर बुलेटप्रूफ जाकीट, फोन, अंगरक्षक, चिलखती गाडी. आता हिशेब पाहा. धमकीच्या पत्रकात गाव सोडायला २४, ४८ किंवा ७२ तास दिलेले असतात. काहींना तर स्वतःच्याच नावाचे शोकपत्र येते, मृतासाठी मिस्सा सांगितल्याचे. तातडीची तरतूद नियमांत आहे, पण ती मागायची तर ती वही हाताशी लागते. दुसरे असे, की पॅसिफिक किनाऱ्यावरची कित्येक गावे होडीनेच गाठायची. तिथे चिलखती गाडीचा काय उपयोग? आणि बंदूकधारी रक्षक दाराशी बसला, की दोन्ही सशस्त्र बाजूंच्या भीतीखाली जगणारा गावकरी फादरकडे येणेच थांबवतो.

म्हणून निःशस्त्र सोबतीचा मार्ग तिथे रुजला. पीस ब्रिगेड्स इंटरनॅशनल या संस्थेचे परदेशी स्वयंसेवक १९९४ पासून कोलंबियात धमकी आलेल्यांबरोबर प्रवास करतात. ओळखू येईल असा पोशाख घालतात, निघण्यापूर्वी लष्कराला आणि दूतावासांना कळवतात. याला मर्यादा आहे. ज्याला बदनामीची भीती आहे आणि ज्याच्या वर हुकूम देणारा कुणी आहे, त्यालाच ही सोबत रोखते. गल्लीवर ताबा असलेल्या टोळीला दूतावासाशी काही देणेघेणे नसते.

युद्धकाळातले नियम घालून देणाऱ्या जिनिव्हा करारांविषयीही लिहिताना गफलत होते. त्यांतले ‘धार्मिक कर्मचारी’ म्हणजे मुख्यतः सैन्याशी किंवा वैद्यकीय पथकांशी जोडलेले धर्मगुरू. गावातल्या फादरला संरक्षण मिळते ते नागरिक म्हणून, आणि बंडखोर असल्याचा शिक्का नेमका त्याच नागरिकत्वावर घाव घालतो.

आपल्या वृत्तपत्राकडे मागणी एवढीच. अशा बातमीत पहिली धमकी कधी आली, ती कुणाला कळवली आणि त्यांनी काय केले, हे तीन तपशील शोधून द्या. निनावी अधिकाऱ्याच्या हवाल्याने ‘बंडखोरांशी संबंध’ हे शब्द छापू नका. धमकी आलेल्या माणसाचा मुक्काम, मिस्सेची वेळ, प्रवासाचा दिवस छापू नका. रोमेरो यांच्या हत्येचा दिवस, २४ मार्च, संयुक्त राष्ट्रांनी सत्य जाणून घेण्याच्या हक्काचा दिवस म्हणून घोषित केला आहे. यंदा त्या दिवशी, जे आज धमक्यांखाली काम करत आहेत आणि ज्यांची नावे छापायला त्यांची संमती आहे, अशांसाठी अर्धे पान द्यावे.

आपला,
एक वाचक, वसई