बाकांवर सळया ठोकण्याआधी टायमर बदला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जेटी रस्ता आणि मंडई ‘सुरक्षित’ होणार ही कालची बातमी वाचली. बाकांच्या मधोमध लोखंडी सळया, मंडईच्या ओट्यांना जाळ्या आणि आणखी कॅमेरे. रात्री तिथे कोणी पाठ टेकली नाही की चोऱ्या आपोआप थांबणार, असा हिशेब दिसतो. नगरपरिषदेचे अभिनंदन. पण चोरीला नेमके काय गेले, ते कसे काढतात आणि कुठे विकतात, हे मंजुरी देणाऱ्यांपैकी एकाने तरी विचारले का?

गेली ती पथदिव्यांची केबल. ॲल्युमिनियमची, चार कोअरची म्हणजे आत चार तारा असलेली, आर्मर्ड म्हणजे वर पोलादी कवच असलेली. चालू लाइनला हात घालायची चोराची छाती होत नाही, त्याला बंद फीडर, म्हणजे दिव्यांच्या रांगेला वीज पुरवणारी बंद लाइन, लागतो. तो बंद करायला त्याला काही करावे लागत नाही, कारण ती सोय नगरपरिषदेनेच करून ठेवली आहे. फीडर पिलर, म्हणजे ही लाइन जिथून सुटते ती रस्त्याकडेची पेटी, उघडून पाहा. आत जुन्या पद्धतीचा, मोटरवर फिरणारा टायमर आहे आणि त्याला बॅटरी नाही. वीज गेली की तो थांबतो, आली की थांबला तिथून पुढे चालतो. सहा तास वीज गेली तर सहा तास मागे. म्हणजे संध्याकाळी सातला लागणारे दिवे रात्री एकला लागतात आणि दुपारपर्यंत जळतात. पावसाळ्यात वीज एकदाच जात नाही, त्यामुळे हे तास साठत जातात. बेरीज बारावर पोचली की दिवसा रोषणाई आणि रात्रभर मिट्ट काळोख. भर दुपारी दिवे पेटलेले पाहून लोक ‘आमच्या पैशांची उधळपट्टी’ म्हणून फोटो काढतात. उधळपट्टी तर आहेच, पण आज रात्री ही लाइन मेलेली असणार याची ती जाहीर सूचनाही आहे. ती नागरिकांना कळत नसेल, केबलचोरांना बरोबर कळते.

यावर उपाय काय, तर सूर्योदय-सूर्यास्त स्वतः काढणारा, आत बॅटरी असलेला डिजिटल टायमर. गावाचे अक्षांश-रेखांश एकदा भरायचे, पुढे ऋतूप्रमाणे वेळा तोच बदलतो. किंमत दोन-तीन हजार. फोटोसेल, म्हणजे उजेड ओळखून दिवे लावणारे-मालवणारे उपकरण, हा दुसरा पर्याय, पण आपल्याकडे त्याच्या काचेवर खारे पाणी आणि कावळ्यांची शीट बसते. मग त्याला कायम रात्रच वाटते आणि दिवे दिवसाही चालू राहतात. तरीही बिघाडच व्हायचा असेल तर तो ‘चालू’ बाजूला झालेला बरा.

आता खांबाचा तळ पाहा. जंक्शन बॉक्सचे पत्र्याचे दार खाऱ्या हवेने दोन पावसाळ्यांत कुजते. स्क्रू गंजून फिरत नाही म्हणून दुरुस्तीवाला तो तोडतो आणि दार बाइंडिंग वायरने बांधून जातो. आठवड्यात ते दारही भंगारात. मग कनेक्टर उघडे, केबलचा वळसा हाताशी. शाळकरी मुले त्याच खांबाला टेकून रिक्षाची वाट पाहतात, हा मुद्दा तर बातमीत नव्हताच. हा बॉक्स जमिनीपासून अडीच मीटरवर घ्यावा, दार फायबरचे लावावे, त्याला तिकोनी किल्लीचे कुलूप असावे आणि खांबाजवळच्या खड्ड्यातला केबलचा वळसा वाळूने न भरता पातळ काँक्रीटने बुजवावा. पुढच्या वेळी केबल बदलताना त्रास होईल हे कबूल. पण तो त्रास चोरालाही होतो.

गटारांच्या बिडाच्या झाकणांचेही तेच. बिडाला वजनावर भाव मिळतो, म्हणून ती जातात. पोलादी तंतू घातलेल्या काँक्रीटच्या झाकणाला भंगारात कोणी विचारत नाही. त्याचे आयएस १२५९२ हे मानक आहे आणि त्यात भाराप्रमाणे २.५, १०, २० आणि ३५ टनांचे वर्ग आहेत. आपल्याकडे ट्रक जातो त्या रस्त्याला हलक्या वर्गाचे झाकण बसवतात, ते फुटते आणि मग ‘काँक्रीट टिकत नाही’ म्हणून पुन्हा बीड येते. काय बोलणार!

केबल जाते कुठे? खाडीच्या कडेला कांदळवनाआड जळलेल्या प्लास्टिकचे काळे डाग पडलेले असतात. आवरण तिथे जाळतात, तार दुसऱ्या दिवशी वजनकाट्यावर. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ मध्ये सरकारी किंवा स्थानिक संस्थेच्या मालमत्तेच्या चोरीला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि चोरीचा माल जाणूनबुजून घेणाऱ्याला कलम ३१७ लागते. पण त्यासाठी नगरपरिषदेने तक्रारीत केबलचा प्रकार, लांबी, ती गुंडाळून येते त्या ड्रमवरचा मार्किंग क्रमांक आणि साठा नोंदवहीचा उतारा द्यावा लागतो. ‘अंदाजे काही मीटर वायर’ एवढ्या तक्रारीवर भंगाराच्या ढिगातून कोणते पोलीस कोणती वायर ओळखणार?

कॅमेऱ्यांकडे येतो, कारण सगळा पैसा तिकडेच चालला आहे. आहेत त्या कॅमेऱ्यांचे काय झाले ते आधी सांगा. चार मेगापिक्सेलचा कॅमेरा सेकंदाला चार मेगाबिटने चालवला तर दिवसाला सुमारे ४३ जीबी खातो. सोळा कॅमेऱ्यांचे झाले जवळपास ६९० जीबी. डिस्क ४ टीबीची. म्हणजे पावणेसहा दिवसांत जुने चित्रण पुसून त्यावर नवे चढते. सोमवारच्या चोरीची तक्रार पुढच्या सोमवारी नोंदवायची आणि मग फुटेज मागायला जायचे, तर मिळणार काय? तीस दिवस ठेवायचे तर २१ टीबी लागतात. नाहीतर फ्रेम कमी करा, बिटरेट (सेकंदाला किती मेगाबिट तो आकडा) उतरवा, निर्मनुष्य गल्लीत हालचाल झाली तरच रेकॉर्ड होऊ द्या. यातल्या बहुतेक गोष्टी सेटिंगमध्ये बसून अर्ध्या तासात होतात. त्याला निविदा लागत नाही, म्हणूनच बहुधा होत नाहीत.

शिवाय हा समुद्रकिनारा आहे. काचेवर मिठाचा थर बसतो आणि रात्री इन्फ्रारेडचा प्रकाश त्यावरूनच परत येऊन चित्र पांढरे फटक पडते. त्या उष्ण दिव्याकडे किडे येतात, किड्यांमागे कोळी, आणि मग चोराऐवजी कोळ्याचे पाय दिसतात. महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने पुसणे, कनेक्टरवरचा हिरवा गंज काढून ग्रीस भरणे, ब्रॅकेट ३१६ दर्जाच्या स्टेनलेसचे घेणे, एवढेच करायचे आहे. रेकॉर्डरला जो छोटा यूपीएस जोडला आहे त्यातली १२ व्होल्ट, ७ ॲम्पिअर-अवरची बॅटरी अर्धा-पाऊण तास टिकते. आपल्याकडे वादळात वीज जाते ती दुसऱ्या दिवशी येते. आणि फुटेज मिळालेच तरी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे हॅश मूल्यासह (फाइलमध्ये फेरफार झालेला नाही हे दाखवणारा आकडा) प्रमाणपत्र लागते. ते उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्याने आणि एका तज्ज्ञाने द्यायचे. ताबा कोणाकडे आहे, हे नगरपरिषदेत कोणालाच माहीत नाही.

असे का होते, याचे उत्तर सोपे आहे. नव्या खरेदीला शासनाचे अनुदान मिळते, देखभाल स्वनिधीतून म्हणजे घरपट्टीतून करायची असते. अनुदानाचे उद्घाटन होते. कोळ्याचे जाळे पुसल्याचे उद्घाटन कोण करणार?

राहिले ते झोपणारे. ट्रॉलरवरचे खलाशी बहुतेक बोटीवरच झोपतात आणि जून-जुलैच्या मासेमारी बंदीत गावी जातात. म्हणजे भर पावसात मंडईच्या ओट्यावर जो उरतो, त्याला गावच नाही. केबलच्या ड्रमचा हिशेब जमणारा हा माणूस नव्हे. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. सर्वोच्च न्यायालयाने २०१० पासून शहरी निवाऱ्यांबाबत राज्यांना आदेश दिले आहेत. २०२४ पर्यंत चाललेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाचा निकष लाख वस्तीमागे किमान शंभर जणांची सोय, माणशी ५० चौरस फूट असा होता. आपली वस्ती लाख नाही म्हणून आपल्यावर जबाबदारीच नाही, हे उत्तर ठरलेले. पण लाखाच्या आत २०११ साली खुद्द रत्नागिरी नगरपरिषदही होती, मग काय कोकणात बेघर नाहीतच? दहा जणांना ५०० चौरस फूट पुरतात. मंडईच्या माडीवर बंद पडलेला हॉल त्याहून मोठा आहे. कुलूपबंद कप्पे द्या, नाहीतर कामकरी माणूस पिशवी सोडून आत येत नाही. दार रात्री दोनलाही उघडेल असे पाहा, आधारकार्डावरून अडवू नका, बायकांची सोय वेगळी ठेवा. आणि कपडे वाळवायला पत्र्याखाली दोऱ्या बांधा, कारण आपल्या पावसात ओल्या कपड्यांनी गजकर्ण बळावते. मंडईतले शौचालय रात्री आठला कुलूप लावून बंद करायचे आणि सकाळी ‘हे लोक घाण करतात’ म्हणायचे, हेही थांबवा.

बातमीत एक माजी नगरसेवक म्हणतात, भ्रमिष्टांना गाडीत घालून तालुक्याच्या हद्दीबाहेर सोडा. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ चे कलम १०० त्यांनी वाचावे. अशा व्यक्तीला पोलिसांनी संरक्षणात घ्यायचे, २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचे, कोठडीत ठेवायचे नाही, बेपत्ता व्यक्ती म्हणून नोंद करून घरच्यांचा शोध घ्यायचा. प्रादेशिक मनोरुग्णालय रत्नागिरीत आहे, लंडनला नाही. हद्दीपलीकडच्या गावानेही हाच उपाय केला तर गाड्या घाटात समोरासमोर येतील.

जाता जाता आणखी एक. जेटी नाक्यावरच्या कॅमेऱ्यासमोर वाढदिवसाचा फ्लेक्स आहे. त्याची तार पथदिव्याच्या आडव्या हाताला बांधली असून वाऱ्याने तो हात वाकला आहे. मालमत्ता विद्रूपणास प्रतिबंध करणारा कायदा १९९५ पासून आहे. फ्लेक्सवरचे गृहस्थ तेच, ज्यांची सुरक्षेविषयीची कळकळ आपण चार कॉलमांत छापलीत. परवानगी कोणाची आणि मुदत कधीपर्यंतची, हे आपल्या वार्ताहराने एकदा विचारावे. आणि हे पत्र छापताना निदान टायमरचा परिच्छेद कापू नये, ही विनंती.

आपला,
एक घरपट्टी भरणारा
(नाव व पत्ता आपल्याकडे दिला आहे.)