मावशींची पाचशेची नोट

कोल्हापूर,
रविवार, रात्र

प्रिय बाळू,
प्रभूमध्ये सलाम.

आज उपासना सुटल्यावर कुंभार गल्लीतल्या मावशींनी माझ्या हातात एक पाकीट ठेवलं. आत पाचशेची नोट. म्हणाल्या, "इंग्लंडच्या देवळाच्या छपराला." २०१९ च्या पुरात त्यांच्या घरात छातीभर पाणी होतं, आठवतंय ना? आठ दिवस त्या आपल्या हॉलमध्येच होत्या. पुढं त्यांना भांडी, सतरंज्या मिळाल्या त्या याच देवळाच्या मंडळीनं, म्हणजे तिथल्या चर्चनं, पाठवलेल्या मदतीतून.

तिथल्या पाळकांचं (पाद्रींचं) पत्र गेल्या महिन्यात आलं. छप्पर गळतंय, रविवारी वीसेक माणसं येतात, बहुतेक सत्तरीच्या पुढची. पैसे मागितलेले नाहीत. 'आमच्यासाठी प्रार्थना करा, आणि तुमच्या बायका घरोघरी प्रार्थनासभा कशा चालवतात ते सविस्तर कळवा,' एवढंच. कमिटीत मी ते वाचून दाखवलं, तर एक जण म्हणाले, "त्यांना आपण काय शिकवणार?" बाळू, मला फार लागलं ते. पुराच्या वेळी आभाराचं पत्र लिहितानाही आपण असेच वाकलो होतो. 'आम्ही गरीब, आपण थोर.' त्यावर माझीही सही आहे.

१९६३ साली टोरांटोला जगभरच्या अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतल्या, मंडळ्या जमल्या होत्या. देणारी मंडळी आणि घेणारी मंडळी ही भाषाच आता सोडा, असं तिथल्या जाहीरनाम्यात स्पष्ट लिहिलंय. दहा वर्षांनी डब्लिनला ठरलं की प्रत्येक मंडळीनं आपलं काम आपणच ठरवायचं, आणि ते ठरवताना दुसऱ्या देशांतले भागीदार शेजारी बसवायचे. आपण तर मुळात अँग्लिकनही नव्हतो. १८५२ साली कोल्हापुरात आलेले मिशनरी वाइल्डरसाहेब अमेरिकेचे. २९ नोव्हेंबर १९७० ला तुझ्या नागपुरात सहा मंडळ्या एक होऊन उत्तर भारताची मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) झाली, तेव्हा अँग्लिकनांशी हे नातं आपल्या वाट्याला आलं. मग त्यात आपण कायम पंगतीतच का बसायचं? कधी वाढायलाही उठू की.

२०२० साली कायदा बदलला. परदेशातून आलेली देणगी एका संस्थेला दुसरीकडे वळवता येईना, आणि आपल्यापर्यंत येणारी वाट बंद झाली. तेव्हा मी चिडलो होतो. पण पैसा थांबला तरी त्यांची पत्रं थांबली नाहीत. दर रविवारी ते आपल्या आजाऱ्यांची नावं घेऊन प्रार्थना करतात. उच्चार कसे करायचे ते विचारून घेतात रे!

नोट बँकेतून पाठवण्यात अर्थ नाही, खर्चच जास्त येईल. आपल्या खजिनदारांचा मुलगा शिकायला तिकडं निघालाय, त्याच्या हाती तीच नोट देतो. तिथं ती मोडून मिळेल न मिळेल, पण मावशींनी दिलेली तीच त्यांच्या हातात पडू दे.

प्रार्थनासभांबद्दल महिला मंडळाच्या बायका सांगतायत आणि मी लिहून घेतोय: कुणाच्या घरी कधी, चहा कुणाचा, आजारी माणसाच्या उशाशी ना. वा. टिळकांचं कुठलं गीत म्हणायचं. गीतांचा अर्थ इंग्रजीत उतरवणं मला जमत नाही, ते तू कर. तीन गीतं सोबत जोडलीत. आभाराचे शब्द घालू नकोस. मुलगा बावीस तारखेला निघतोय, त्याआधी माझ्या हातात पडायला हवं.

वहिनींना सलाम, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
दादू