शब्दकोड्याचं उत्तर उद्या, मग गणिताचं आजच का?

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पेपरात दहावीच्या पोरांसाठी बीजगणिताची सराव गणितं येतात, काम चांगलंय, पण एक तक्रार आहे. गणित वर आणि उत्तर सगळ्या पायऱ्यांसकट लगेच खाली, मग पोरं करतात काय तर नुसती वाचतात. माझ्याकडे घरी पाच-सहा मुलं शिकायला येतात, त्यातली एक परवा कात्रणांचा गठ्ठा घेऊन आली, म्हणे सर सगळा सराव झाला, म्हटलं वही दाखव तर वही कोरी.

मग साधंच दिलं, क्ष² − ५क्ष − २४ चे अवयव पाड. ८ आणि ३ पटकन सुचले आणि लिहिलं काय तर (क्ष − ८)(क्ष − ३). आता हेच दोन कंस परत गुणले असते तर मधे −११क्ष आणि शेवटी +२४ आले असते, चूक तिथंच सापडली असती. पण ताळा बघायची सवयच नाही, तो खाली छापलेला असतो ना! (पुस्तकात इंग्रजी अक्षरं असतात हे माहितीये, माझा हात अजून क्ष-य वरच जातो.)

निश्चयकात (चार आकडे चौकोनात मांडून तिरपे गुणायचे आणि एक गुणाकार दुसऱ्यातून वजा करायचा) तर हे हमखास. ३क्ष − २य = ५ आणि ४क्ष + य = १४, क्रेमरच्या पद्धतीने, म्हणजे निश्चयकांचा भागाकार करून सोडवा. डी, म्हणजे क्ष-य च्या सहगुणकांचा निश्चयक, काढताना ३ × १ − (−२) × ४, म्हणजे ३ + ८ = ११ यायला पाहिजे, पण बरीच मुलं ३ − ८ करून −५ काढतात, पुढे डीएक्सलाही (ज्याला डी ने भागलं की क्ष मिळतो) तीच चूक, क्ष आला २३/५, खाली डबल रेघ मारली की मोकळे. खरं उत्तर क्ष = ३, य = २, समीकरणात घालून बघायला कितीसा वेळ लागतो? वाचताना ते वजाचं वजा डोळ्याखालून निसटतं, हाताने लिहायला घेतलं की बरोब्बर तिथंच अडतं.

आणि हे दहावीपुरतं नाहीये, बारावीला मॅट्रिक्स (आकड्यांची चौकट) आलं की निश्चयक शून्य असेल तर त्याचं इन्व्हर्स (व्यस्त) निघत नाही हे पोरं पाठ करतात. २क्ष + ३य = ६ आणि ४क्ष + ६य = ७ असलं एखादं गणित दहावीतच स्वतः सोडवून, डी शून्य आला, शून्याने भागता येईना म्हणून डोकं खाजवून, शेवटी रेघा काढून त्या समांतर निघाल्यात, म्हणजे उत्तरच नाही, हे बघितलं असतं तर पाठ कशाला करायला लागलं असतं.

तुम्ही शब्दकोड्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी देता, आमचे वडील त्यासाठी सकाळी पेपरवाल्याची वाट बघत बसतात. गणिताचंही तसंच करा की. पान उलटं करून वाचता येईल असं खाली छापू नका, पोरं पेपर फिरवतात. आणि आठवड्यातून एक गणित मुद्दाम चुकीचं सोडवून द्या, चूक कुठंय ते शोधा म्हणून. जागा कमी पडत असेल तर पायऱ्या गाळा, नुसतं उत्तर दिलं तरी चालेल.

– एक वाचक, सांगली