87 टक्के कुणाचे?

बाल्टिमोर,
ऑक्टोबर

प्रिय सुहास,
स. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. बेसबॉलमधल्या कर्क गिब्सनच्या होमरनची, म्हणजे चेंडू थेट मैदानाबाहेर धाडणाऱ्या फटक्याची, क्लिप तुला आवडली, पण त्या एका फटक्यानं सामन्याचं पारडं 87 टक्क्यांनी फिरवलं हे मी लिहिलेलं वाक्य काही तुझ्या पचनी पडलेलं दिसत नाही. मग बाकीचे खेळाडू नऊ इनिंग काय करत होते, असं तू विचारलंस. रास्त विचारलंस. उत्तर मलाही नीट लिहून काढायचंच होतं, म्हणून आज सवडीनं बसलोय.

आधी प्रसंग. 15 ऑक्टोबर 1988, वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अमेरिकी बेसबॉलच्या अंतिम लढतीचा, पहिला सामना, लॉस एंजेलिसचं डॉजर स्टेडियम. ओकलंड 4, डॉजर्स 3. नववी इनिंग, डॉजर्सची शेवटची बॅटिंग, दोन आउट, तिसरा झाला की खेळ खलास. पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, डेनिस एकर्सली, शेवटची इनिंग सांभाळण्यात त्या काळी त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्यानं चार वाईट चेंडू टाकून माइक डेव्हिसला वॉक, म्हणजे फुकटात पहिला बेस दिला. गिब्सनचे दोन्ही पाय दुखावलेले, तो सामनाभर बाहेरच होता. लंगडत बॅटिंगला आला, कसेबसे काही चेंडू फाउल केले. तेवढ्यात डेव्हिसनं दुसरा बेस चोरला, म्हणजे फटक्याविना पळत गाठला. तीन बॉल, दोन स्ट्राइक; आणखी एक स्ट्राइक हुकला की आउट. पुढचा चेंडू बाहेरून आत वळणारा, म्हणजे स्लायडर, आणि तो पायांत बळ नसलेल्या माणसानं केवळ हातांच्या जोरावर राइट फील्डच्या प्रेक्षकांत धाडला. 5-4.

आता हिशोब. घरच्या मैदानावर शेवटची इनिंग, एका धावेनं मागे, दोन आउट, दुसऱ्या बेसवर माणूस. हजारो सामन्यांच्या नोंदी चाळल्या तर अशा अवस्थेतून संघ शंभरात साधारण तेरा वेळा जिंकतो. फटक्यानंतर शंभर. फरक 87. याला विन प्रॉबॅबिलिटी ॲडेड म्हणतात, थोडक्यात डब्ल्यूपीए. सामना सुरू होताना दोन्ही संघ 50 वर असतात. प्रत्येक खेळीनंतर आकडा सरकतो, आणि जितका सरकला तितका बॅटरच्या खात्यावर जमा होतो, पिचरच्या खात्यातून वजा होतो. सामना संपल्यावर जिंकलेल्या संघातल्या सगळ्यांची बेरीज बरोब्बर अधिक 50 येते, हरलेल्यांची उणे 50.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. एकूण 50, त्यात गिब्सनचे एकट्याचे 87, म्हणजे उरलेल्या सगळ्या डॉजर्सची मिळून बेरीज उणे 37! पहिल्याच इनिंगमध्ये दोन धावांचा होमरन मारणारा मिकी हॅचर त्यात नफ्यात आहे, आणि होझे कॅन्सेकोकडून भरल्या बेसवर होमरन खाणारा टिम बेल्चर मोठ्या तोट्यात. तेव्हा 87 हा विजयातला वाटा समजू नकोस. सामना कुठे होता आणि एका फटक्यानं कुठे गेला, एवढंच तो आकडा सांगतो. आणि तेवढं तो अगदी चोख सांगतो.

तू क्लबच्या सामन्यांचा स्कोअर चेंडूगणिक लिहितोस, म्हणून यामागच्या एका बापलेकाची गोष्ट तुला सांगायलाच हवी. जॉर्ज लिंडसे हे कॅनडाच्या संरक्षण खात्यातले शास्त्रज्ञ. त्यांचे वडील चार्ल्स लिंडसे निवृत्त कर्नल. मुलाला आकडे हवे होते, तर या गृहस्थांनी शेकडो सामने ऐकून-पाहून एकेक खेळी कागदावर उतरवली. आउट शून्य, एक किंवा दोन. बेस तीन, म्हणून ते भरण्याच्या तऱ्हा आठ. म्हणजे एकूण 24 अवस्था. प्रत्येक अवस्थेतून इनिंग संपेपर्यंत सरासरी किती धावा निघतात, याचा तक्ता मुलानं 1963 मध्ये छापला. कुठल्या इनिंगला किती धावांची आघाडी असेल तर जिंकण्याची शक्यता किती, हे त्याआधी 1961 मध्येच मांडलं होतं. डकवर्थ-लुईसचा तक्ता जसा उरलेली षटकं आणि हातातल्या विकेट्स एकत्र पाहतो, तसाच विचार, तोही तीसेक वर्षं आधी. बेस रिकामे, आउट शून्य, तर साधारण अर्धी धाव. बेस भरलेले, आउट शून्य, तर सव्वादोनच्या आसपास. पुढे संगणक आले, नोंदी लाखांनी वाढल्या, तरी पाया हाच राहिला. वडिलांनी मुलासाठी इतकी वर्षं केलेलं हे काम मला फार मोठं वाटतं.

आता दुसरी बाजू. तोच सिंगल, म्हणजे एका बेसचा फटका, एखाद्याला दोन टक्के देतो आणि एखाद्याला तीस, केवळ कोण कधी बॅटिंगला आला यावरून. आपली वेळ बॅटर निवडत नाही. म्हणून खेळाडूची खरी किंमत काढायची तर प्रसंग बाजूला ठेवावा लागतो. त्याच्या फटक्यांच्या, धावण्याच्या, फिल्डिंगच्या धावा मोजायच्या, साधारण दहा धावांचा एक विजय धरायचा, आणि त्याच्या जागी कुणीही सहज मिळणारा साधा खेळाडू असता तर किती विजय कमी झाले असते ते काढायचं. हा डब्ल्यूएआर, म्हणजे विन्स अबव्ह रिप्लेसमेंट. सगळाच्या सगळा संघ अशा साध्या खेळाडूंचा असता तर हंगामातल्या 162 पैकी 48 च्या आसपास सामने जिंकला असता, असं धरलं जातं.

या विचारानं माणसांना न्याय मिळाला, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. न्यूयॉर्क मेट्सच्या जेकब डीग्रॉमचं 2018 चं वर्ष घे. 217 इनिंग, दर नऊ इनिंगमागे 1.70 धावा. इतकी पिचिंग करून त्याच्या नावावर विजय 10 आणि पराभव 9, कारण तो पिच करत असताना त्याच्या संघाकडून धावाच होत नव्हत्या. जुन्या काळी मत देणाऱ्यांनी 10-9 पाहून पान उलटलं असतं. त्या वर्षी मत देणाऱ्या 30 पैकी 29 जणांनी सर्वोत्तम पिचरच्या साय यंग पुरस्कारासाठी त्याला पहिल्या क्रमांकाचं मत दिलं.

आणि आता आमच्या बाल्टिमोरचं दुःख. 2016 मध्ये इथल्या ओरिओल्स संघाचा झॅक ब्रिटन शेवटची इनिंग टाकायचा. वर्षभरात 67 इनिंग, अर्न्ड रन, म्हणजे पिचरच्या खात्यावर धरल्या जाणाऱ्या धावा, फक्त चार. 47 वेळा आघाडी राखायला पाठवलं, 47 वेळा राखली. इनिंग कमी, म्हणून डब्ल्यूएआर त्याला सुरुवातीपासून टाकणाऱ्या बड्या पिचरांच्या बराच खाली ठेवतो. पण त्याच्या डब्ल्यूपीएचे टक्के जोडले तर सहाशेच्या वर जातात, कारण तो यायचाच मुळी सामना काठावर असताना. मग 4 ऑक्टोबरला टोरंटोत बाद फेरीचा एकच सामना, हरलं की हंगाम संपला. 2-2 अशी बरोबरी. नववी गेली, दहावी गेली, अकरावी आली. पाहुण्या संघानं आपला शेवटचा पिचर आघाडी मिळेपर्यंत राखून ठेवायचा, हा जुना रिवाज. मॅनेजर बक शोवॉल्टर तो धरून बसले. अकराव्या इनिंगमध्ये उबाल्डो हिमेनेसला दोन सिंगल बसले आणि पुढच्याच चेंडूवर एडविन एन्कार्नासियोनचा होमरन. 5-2. ब्रिटन बुलपेनमध्येच, म्हणजे राखीव पिचर वाट पाहतात तिथेच, राहिला.

बरोबरीच्या सामन्यात शेवटच्या इनिंगला एकेक चेंडू पारडं किती हलवू शकतो, हे तो तक्ता आधीच सांगत असतो. त्याला लेव्हरेज म्हणतात. वर्षातला सर्वांत मोठा लेव्हरेज समोर उभा असताना आपला सर्वांत चांगला माणूस बसवून ठेवणं मला आजही मान्य नाही. गंमत म्हणून कुणी हे आकडे पाहावेत, पण माझ्या लेखी त्यांचा खरा उपयोग हा आहे: कुणाला केव्हा पाठवायचं. त्या सामन्यात ब्रिटनच्या नावापुढे काहीच नाही, शून्यसुद्धा नाही. न टाकलेल्या चेंडूची नोंद कुठल्याच खात्यात होत नाही.

तशीच आणखी एक नोंद राहून गेली आहे. एकर्सली तीन-दोनवर डावखुऱ्याला तोच बाहेरून आत येणारा स्लायडर टाकतो, असं डॉजर्सचे स्काउट, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांचा अभ्यास करणारे, मेल डिडिये यांनी आधी बजावून ठेवलं होतं आणि बॅटिंगला उभं असताना आपल्याला ते आठवलं, असं गिब्सननं स्वतः सांगितलंय. ते 87 च्या 87 गिब्सनच्या नावावर आहेत.

आता एक काम तुझ्याकडे. तुझ्या क्लबच्या 20 षटकांच्या सामन्यांची जितकी चेंडूगणिक स्कोअरबुकं हाताशी असतील तितक्यांच्या पानांचे फोटो काढून पाठव. शेवटच्या पाच षटकांत किती धावा हव्या, किती विकेट्स हातात आणि कोण जिंकलं, एवढ्यावर तक्ता करायला घेऊ. पानं अंधुक असली तरी चालतील, मी इथे लावून घेईन. काकूंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अविनाश