ईमेल पत्ता आणि कराराचा तपशील बाहेर गेल्याबद्दल तक्रार

दि. 4 जुलै 2025
राजारामपुरी, कोल्हापूर

प्रति,
माननीय तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : बनावट वसुली मेलचा उगम आणि आपल्याकडून बाहेर गेलेली माझी माहिती

संदर्भ : माझी 13 जूनची तक्रार व आपले 20 जूनचे उत्तर

महोदय,

ऑगस्ट 2023 मध्ये मी आपल्या संकेतस्थळावरून पाणी शुद्ध करण्याचे यंत्र घेतले. 2021 च्या महापुरात उपसा केंद्रे बंद पडली आणि आम्हाला टँकरच्या पाण्यावर दिवस काढावे लागले. तेव्हापासून घरात असे यंत्र हवे, हा माझ्या वडिलांचा आग्रह होता. यंत्राबद्दल माझी काहीही तक्रार नाही.

गुरुवार, दि. 12 जून रोजी सकाळी आपल्या नावाने एक मेल आला. वार्षिक देखभाल कराराचे 3,540 रुपये 24 तासांत न भरल्यास वॉरंटी रद्द होईल, असे त्यात लिहिले होते. माझा ऑर्डर क्रमांक, यंत्राच्या अनुक्रमांकाचे शेवटचे चार अंक आणि करार संपण्याची तारीख, तिन्ही गोष्टी त्यात अचूक होत्या. घरातल्या टॅबवर हा मेल वडिलांनी वाचला. ते 76 वर्षांचे आहेत आणि कोणाची बाकी एक दिवसही ठेवायची नाही, हा त्यांचा आयुष्यभराचा शिरस्ता आहे. त्यांनी लिंक उघडून कार्डाचा क्रमांक भरला. ओटीपीच्या संदेशात आपल्या कंपनीऐवजी भलतेच नाव दिसले, म्हणून ते थांबले आणि त्यांनी मला फोन केला. मी तत्काळ कार्ड बंद करवले आणि 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली. पैसे वाचले, परंतु त्यानंतर दोन दिवस वडील नीट जेवले नाहीत, आणि आता खरे बिल आले तरी ते मला दोनदा विचारल्याशिवाय हात लावत नाहीत.

यावर आपले उत्तर असे आहे की, 11 जून रोजी आपल्या यंत्रणेतून असा कोणताही मेल गेलेला नाही, हा फसवणुकीचा प्रकार असून मेल काढून टाकावा. मी तो काढून टाकलेला नाही. जीमेलमधील ‘मूळ दाखवा’ या पर्यायातून त्याचा संपूर्ण हेडर, म्हणजे मेलच्या प्रवासाची तांत्रिक नोंद, मी छापून घेतला आणि चार संध्याकाळ बसून ओळीन्‌ओळ वाचला.

त्यात जीमेलच्या सर्व्हरने मेल स्वीकारल्याची वेळ 11 जून, 22:17 अशी असून तिच्यापुढे ‘-0700’ असे आहे. ही अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरची वेळ आहे. आपल्याकडे तेव्हा 12 जूनचे सकाळचे 10 वाजून 47 मिनिटे झाली होती. म्हणजे आपण ज्या दिवसाची नोंद तपासली, तो दिवसच चुकीचा होता. अर्थात 12 तारखेची नोंद तपासली तरी आपल्याला काही सापडणार नाही, हे मी स्वतःच मान्य करतो. ‘रिसीव्हड’ने सुरू होणाऱ्या ओळी खालून वर वाचाव्या लागतात, कारण वाटेतला प्रत्येक सर्व्हर आपली ओळ वरच्या बाजूला जोडतो. त्यातली सर्वांत खालची ओळ मेल आपल्या सर्व्हरवरून निघाल्याचे सांगते. परंतु तशी ओळ पाठवणारा स्वतः रचू शकतो, त्यामुळे तिच्यावर मी विसंबलो नाही. विश्वास ठेवण्याजोगी ओळ एकच, जीमेलच्या सर्व्हरने मेल हातात घेताना स्वतः लिहिलेली. तिच्यातला आयपी पत्ता (इंटरनेटवरील यंत्राचा क्रमांक) परदेशातील भाड्याने मिळणाऱ्या एका सर्व्हरचा आहे आणि ‘रिटर्न-पाथ’मध्येही (न पोहोचलेला मेल जिथे परत जातो त्या पत्त्यात) आपले डोमेन, म्हणजे अ‍ॅट चिन्हानंतरचे नाव, नसून एक अनोळखी डोमेन आहे. पाकिटावर पाठवणाऱ्याचे नाव कोणीही काहीही लिहावे, तसे आपले नाव वर लिहिले गेले. मेल आपण पाठवला, असा माझा आरोप नाही.

माझा प्रश्न वेगळा आहे आणि आपल्या उत्तरात त्याला स्पर्शही झालेला नाही. आपल्या संकेतस्थळावर नोंदणी करताना मी माझ्या जीमेल पत्त्यात अ‍ॅट चिन्हाच्या आधी अधिकचे चिन्ह आणि ‘फिल्टर’ हा शब्द जोडला होता. जीमेल अशा पत्त्यावरचे मेल मूळ पत्त्यावरच पोहोचवते, आणि कोणाला दिलेला पत्ता पुढे कुठे गेला हे त्यावरून कळते. हे रूप मी आपल्याखेरीज कोणालाही दिलेले नाही. बनावट मेल नेमका त्याच पत्त्यावर आला आहे.

या प्रकारात सर्व्हिसिंगला येणाऱ्या मुलाकडे बोट दाखवले जाऊ नये, म्हणून आणखी एक गोष्ट मुद्दाम लिहितो. त्याच्या जॉब कार्डावर नाव, घरचा पत्ता आणि मोबाईल क्रमांक एवढेच असते. दोन वर्षांची चारही कार्डे माझ्याकडे आहेत; एकावरही ईमेल किंवा ऑर्डर क्रमांक नाही. या दोन्ही गोष्टी एकत्र फक्त आपल्या संकेतस्थळावरील माझ्या खात्यात आणि आपण ईमेलने पाठवलेल्या बिलात आहेत. त्यामुळे माहिती आपल्या खात्यांच्या नोंदींतून, किंवा त्या नोंदी आपण ज्यांच्या हाती सोपवल्या आहेत त्यांच्याकडून बाहेर गेली, असाच निष्कर्ष निघतो.

दुसरी बाब आपल्या डोमेनविषयी आहे. मेल खरोखर त्या डोमेनचाच आहे का हे पाहणाऱ्या डीमार्क तपासणीचा या मेलसाठीचा निकाल हेडरमध्ये ‘फेल’ असून त्याच्याजवळ आपले धोरण ‘नन’ असे नोंदले आहे. म्हणजे आपल्या नावाचा खोटा मेल ओळखू आला तरी त्याचे काही करू नका, असेच आपण जगभरच्या मेल सर्व्हरांना सांगून ठेवले आहे. ही नोंद सार्वजनिक असल्याने मी ती स्वतंत्रपणे तपासली. आजही ती तशीच आहे. मोठ्या संख्येने मेल पाठवणाऱ्यांना फेब्रुवारी 2024 पासून गूगलने डीमार्क नोंद सक्तीची केली, तेव्हा जे किमान लागत होते तेवढेच करून आपण थांबलेले दिसता. हे धोरण ‘रिजेक्ट’ असते, तर तो मेल जीमेलने दारातूनच परत पाठवला असता आणि वडिलांपर्यंत पोहोचला नसता.

माझ्या खात्याची माहिती गेल्या वर्षभरात कोणी पाहिली, कोणी उतरवून घेतली आणि ती कोणत्या बाहेरच्या संस्थांना दिली, हे मला लेखी कळवावे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार यंत्रणेच्या नोंदी 180 दिवस जपून ठेवणे बंधनकारक आहे. जानेवारीच्या सुरुवातीच्या नोंदींची मुदत याच आठवड्यात संपत असल्याने, उत्तर देण्याआधी त्या आजच राखून ठेवण्याचे आदेश द्यावेत, ही माझी सर्वांत निकडीची विनंती आहे. करार संपत आलेल्या इतर ग्राहकांनाही असेच मेल गेले असण्याची दाट शक्यता आहे. आपल्या सर्व ग्राहकांना त्यांच्या भाषेत स्पष्ट इशारा पाठवावा आणि डोमेनचे धोरण कडक करावे.

ई-कॉमर्सविषयक 2020 च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात अपेक्षित आहे. मला आपली पहिली ओळ सातव्या दिवशी मिळाली. 13 जुलैपर्यंत मुद्देसूद उत्तर न आल्यास मी कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे हीच कागदपत्रे दाखल करीन.

सोबत : हेडरची छापील प्रत (आयपी पत्ता व वेळ अधोरेखित), चार जॉब कार्डांच्या छायाप्रती, सायबर तक्रारीची पोच.

आपला ग्राहक,
(स्वाक्षरी)